फेफरं थांबलं, बोलणंही थांबलं

आमच्या यमीला फेफरं आहे. हे वाक्य सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण ते तोंडाने उच्चारायला मला त्या वेळी दोन महिने लागले होते. तोवर आम्ही "तिला जरा चक्कर येते" म्हणायचो. शेजारीही आमच्या समाधानासाठी "चक्कर" म्हणायचे आणि घरी जाऊन खरा शब्द वापरायचे.

ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. वैद्यकाचं ज्ञान मला नाही. मी केजच्या तहसिलीत अहलकार आहे, म्हणजे दिवसभर उर्दूत लोकांचे अर्ज उतरवून घेणारा कारकून. घरी आलो की मराठी पुस्तकं वाचतो, आणि पुण्याहून आठवडाभर उशिरा येणाऱ्या वर्तमानपत्रांत सुधारकांची बाजू घेतो. चुलीपासून सुरक्षित अंतरावर बसून सुधारक होणं फार सोपं असतं. त्या अंतराची किंमत काय पडली ते पुढे येईलच.

पहिला दिवस

यमी तेव्हा सात वर्षांची होती. माझी बायको गोजरा भाकरी थापत होती आणि यमी तिच्या शेजारी बसून रोजच्यासारखी "कावून", म्हणजे "का", असं विचारत होती. भाकरी कावून फुगते? सगळ्याच कावून फुगत न्हाईत? फुगलेली भाकरी बाबालाच कावून? प्रश्न मध्येच तुटला. गोजराने वळून पाहिलं तेव्हा पोर ताठ झाली होती, डोळे वर गेले होते आणि डावा हात चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांत पडला होता.

मी कचेरीतून धावत आलो तोवर अर्धी गल्ली घरात होती. कुणी कांदा फोडला होता. कुणी माझाच जुना जोडा तिच्या नाकाला लावला होता. तहसिलीची दहा वर्षं तुडवलेल्या त्या जोड्यात मेलेला माणूस उठवण्याची ताकद असेल, हे मी नाकारत नाही. पण यमी आपल्या वेळेनेच शुद्धीवर आली. हाताला भाजल्याचं तिला तेव्हा कळलं आणि ती रडली. तो व्रण अजून आहे.

त्यानंतर आठवड्यात दोन, कधी तीन झटके. एका हकीमसाहेबांकडे नेलं. त्यांच्या दारावरच्या पाटीत नावाआधी चार पदव्या होत्या आणि नावानंतर तीन. नाव नेमकं कुठलं ते शोधायला मला वेळ लागला. त्यांनी नाडी पाहिली, डोळे मिटले, आणि बऱ्याच वेळाने "गर्मी" एवढा एकच शब्द काढला. उन्हाळ्यात आमच्या जिल्ह्यात हे निदान कधीच चुकत नाही.

शेवटी बीडला गेलो. तिथल्या दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं चांगली होती, आणि चांगल्या माणसांचं नाव कागदावर आलं की चौकशी सुरू होते, हे मी कचेरीत शिकलो आहे. डॉक्टर हैदराबादेहून शिकून आलेले, तरुण, चष्मा लावणारे. त्यांनी यमीशी आधी बाहुलीबद्दल बोलणं काढलं, मग तिचे डोळे, गुडघे, जीभ पाहिली. मग मला व्हरांड्यात नेऊन म्हणाले, "मुन्शीजी, बच्ची को मिरगी है."

"बरी होईल?"

"औषध देतो. झटके कमी होतील. बरी होईल की नाही ते मी सांगत नाही. जो सांगेल त्याच्याकडे जाऊ नका."

हा माणूस मला तिथेच आवडला. औषधाचं नाव ब्रोमाइड. बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली होती, एका खाचेपर्यंत एक डोस. गोजराने बोट बुडवून चव घेतली आणि माझ्याकडे चमकून पाहिलं.

"खारट लागतंय की हे."

"मग? औषध आहे. बासुंदी असेल असं वाटलं होतं का?"

तिने बाटलीचं बूच घट्ट लावलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी तेव्हा विचारलं असतं, तर हा लेख इथेच संपला असता.

माझं भाषण

घरी आल्यावर मी एक भाषण केलं. श्रोते दोन होते, गोजरा आणि नांदूरघाटाहून आलेल्या माझ्या सासूबाई. मी जाहीर केलं की आता पोरीला शास्त्रीय औषध सुरू झालं आहे. अंगारा, गंडा, उतारा, नवस यांतलं काही या उंबऱ्याच्या आत येणार नाही. आलं तर मी ते बाहेर फेकीन. मला वाटतं मी हातही हलवला असावा. सासूबाई पदर सावरत म्हणाल्या, "जावईबापू, तुमी म्हणताय तसंच." गोजरा डाळ निवडत होती, ती निवडतच राहिली. विरोध न झाल्यामुळे मी जिंकलो असं मी धरून चाललो. कचेरीत साहेब लोक असंच धरून चालतात, आणि मी त्यांना मनातल्या मनात हसतो.

औषधाने कमाल केली. आठवड्याला तीन होते ते झटके महिन्याभरात एकावर आले, आणि मग थांबले. मी कचेरीच्या रेघी कागदावर तक्ता आखला होता: तारीख, वेळ, किती पळं, आणि कैफियत म्हणजे शेरा. पुढची पानं कोरी जाऊ लागली. मी ती कोरी पानं लोकांना दाखवत असे.

शब्द जायला लागले

पहिला गेला तो "कावून". यमीने प्रश्न विचारणं बंद केलं. खरं सांगायचं तर सुरुवातीचे काही दिवस घरात बरं वाटलं. मला वर्तमानपत्र सलग वाचता आलं.

मग नावं जायला लागली. घागरीला ती "ते पाण्याचं" म्हणू लागली. शेजारच्या गाईचं नाव तिनेच ठेवलं होतं, ते तिला आठवेना. वाक्य सुरू करायची, मध्येच थांबायची, आणि आपण कुठे जात होतो हे विसरलेल्या वाटसरूसारखी इकडेतिकडे बघायची. मग वाक्य सुरू करणंच सोडलं. बोट दाखवायची. तोंडावर पुटकुळ्या आल्या, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ यायची, चालताना झोक जायचा. दुपारी झोपली की उठवावं लागायचं.

लोकांना मात्र ती आवडायला लागली. एक आजीबाई गोजराला म्हणाल्या, "पोरीला चांगलं वळण लागलं बग. लई टकळी होती. आता कशी गरीब गाय हाय." पोरीची जात गप्प झाली की आमच्याकडे तिला गुण आला म्हणतात. त्या बाई गेल्यावर गोजरा परसात जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागे गेलो नाही. 

दोन गोष्टी विचित्र होत्या. यमीला ते औषध आवडायचं. चमचा ती चाटून पुसून साफ करायची आणि पुन्हा हात पुढे करायची. आणि ती भिंत चाटायची. गोठ्याच्या मातीच्या भिंतीला खाराचा पांढरा लोणा फुटतो, त्याला जीभ लावून उभी राहायची. मी हातावर चापट मारून ओढून आणायचो. माती खाते म्हणजे जंत, असं ठरवून मी तिला जंताचं औषधही दिलं. तक्त्यातल्या कैफियतीत मी हे लिहिलं नाही. झटक्यांशी संबंध नसलेली बाब तिथे लिहायची नाही असा माझा नियम होता.

मी डॉक्टरांना पत्र लिहिलं. चांगलं लिहिलं होतं. झटक्यांच्या तारखा होत्या, बोलणं कसं कसं गेलं त्याचा क्रम होता, एक-दोन ठिकाणी भाषाही सुंदर उतरली होती. ती काय खाते, हे सोडून सगळं होतं. स्वयंपाकघर माझ्या अखत्यारीत नव्हतं. डॉक्टरांचं उत्तर आलं: रोग मेंदूत आत उतरत असावा, डोस एका खाचेने वाढवा, आणि फरक नसेल तर घेऊन या.

डोस वाढवल्यावर आठवड्याने यमीला मी हाक मारली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पुढ्यात जाऊन विचारलं, "तुझं नाव काय, बाळा?" तिने ओठ हलवले. मग मान खाली घातली. आपल्याला काहीतरी यायला हवं होतं आणि येत नाही, एवढं तिला कळत होतं. ते मला सहन झालं नाही.

गाडीत

बैलगाडीने बीडला निघालो, नेकनूरला मुक्काम केला. वाटेत गोजरा आणि मी पहिल्यांदा मोकळेपणाने भांडलो. मी म्हणालो, औषध बंद करून बघू. ती म्हणाली, "आन् परत चुलीत पडली म्हंजी?"

"निदान बोलेल तरी."

"मेल्यावर बोलंल का?"

गाडीवान बैलांकडे बघत गाणं म्हणू लागला. आपण ऐकतोय हे आम्हाला कळू नये म्हणून की आमचं त्याला ऐकू येऊ नये म्हणून, कोण जाणे. यमी दोघांच्या मध्ये झोपली होती. तिच्या डोक्यावरून आम्ही तिच्याबद्दल बोलत होतो, आणि ती तिथे नसल्यासारखं बोलत होतो. हे लक्षात आल्यावर गोजराने तिचं डोकं मांडीवर घेतलं.

व्हरांड्यातली खाट

डॉक्टरांनी तिला ठेवून घेतलं आणि डोस वाढवण्याआधीच्या खाचेवर आणला. बायका आणि मुलांच्या खाटा मागच्या व्हरांड्यात होत्या. सकाळी फिनेलची बादली, मग कंपाउंडर, मग डॉक्टर, मग दुपारभर माश्या. यमीच्या शेजारच्या खाटेवर म्हाळसाबाई नावाची धनगर बाई होती. तिच्या उजव्या हाताला मोठं गळू झालं होतं, ते कापून पट्टी बांधली होती. तिचा नवरा चार शेळ्या घेऊन दवाखान्याच्या कुंपणाबाहेर लिंबाखाली राहत होता. म्हाळसाबाई खाटेवरूनच शेळ्यांना हुकूम सोडायची आणि शेळ्या नवऱ्यापेक्षा जास्त ऐकायच्या.

गोजरा जवळच्या धर्मशाळेत भाकरी करून आणायची आणि यमीला स्वतःच्या हाताने भरवायची. दुसऱ्या कुणाला भरवू द्यायची नाही. तिसऱ्या दिवशी ती बाजूला बसली. महिन्याच्या चार दिवसांत आमच्याकडे बाई चुलीला, पाण्याला, कुणालाच शिवत नाही. ती धर्मशाळेच्या एका कोपऱ्यात जाऊन बसली आणि दुरूनच मला म्हणाली, "यमीला दूधभात द्या. नुसता दूधभात. दुसरं काई नगं."

मी हो म्हणालो. दूध मिळालं, पण मला भात करता येत नाही. मी दहा वर्षं उर्दूत अर्ज लिहिले, मराठीत वाद घातले, पण भात कधी केला नव्हता. पहिल्या दिवशी जे झालं ते यमीने तोंडातून बाहेर काढलं. म्हाळसाबाई डाव्या हाताने कपाळ बडवून म्हणाली, "आरं द्येवा! मुन्शी, हे काय हाय? खळ हाय का? आण ती पोर हिकडं."

आणि तिने आपल्या फडक्यातून ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा काढला. ठेचा जाड मिठात ठेचलेला, खडे दाताखाली लागावेत असा. मी म्हणालो, तिखट होईल. तोवर यमीने घास तोंडात घातला होता. नाकातून पाणी आलं, डोळ्यांतून आलं, आणि तिने हात पुढे केला. भाकरी संपली. मग तिने बोटांनी फडक्यावरचे मिठाचे खडे वेचले.

"भुकेजली हाय लेकरू," म्हाळसाबाई म्हणाली. "रोज देते मी. तू आपला कागद वाच."

चार दिवस यमी तिच्याच फडक्यातलं जेवली. ठेचा, खारवलेल्या मिरच्या, ताकात मीठ. तांब्यामागून तांब्या पाणी प्यायची, आणि तितकंच बाहेर टाकायची. तिसऱ्या दिवशी लाळ थांबली. मी ते हवापालटावर घातलं.

पाहणी

चौथ्या दिवशी एक मोठे हाकीम, म्हणजे सरकारी अधिकारी, दवाखान्याची पाहणी करायला येणार होते. सकाळपासून धावपळ. भिंतींना चुना, झाडांच्या बुंध्यांना गेरू, खाटांवर नव्या पांढऱ्या चादरी. त्या संध्याकाळी परत जमा करायच्या होत्या, म्हणून आम्हा सगळ्यांना त्यांच्यावर न टेकता बसण्याची ताकीद होती. ज्या बाईचं काल बाळंतपण झालं होतं तीसुद्धा ताठ बसली होती.

हाकीमसाहेब आले. पुढे दोन चपराशी, मागे पाच माणसं, त्या पाचांच्या मागे आणखी काही माणसं, ती कशासाठी होती हे त्यांनाही माहीत नसावं. यमी खाटेवर बसून कुंपणापलीकडच्या करडाकडे बघत होती. ते करडू आदल्या दिवसापासून तिला ओळखायला लागलं होतं. साहेब नेमके तिच्या खाटेसमोर उभे राहिले. आता तिला करडाऐवजी एक शेरवानी दिसू लागली.

आणि मग कित्येक आठवडे ज्या तोंडातून शब्द आला नव्हता त्या तोंडातून, अगदी म्हाळसाबाईच्या सुरात, खणखणीत आवाज आला:

"सरक बे!"

 चपराशाचा हात पट्ट्याशी गेला. साहेबांनी डॉक्टरांना विचारलं, "क्या कहती है बच्ची?"

डॉक्टरांनी क्षणभरही न घालवता सांगितलं, "हुजूर के इक़बाल की दुआ दे रही है."

साहेबांना मराठी येत होतं की नाही, हे आजवर कळलेलं नाही. ते हसले, आणि दोन पावलं सरकले. एवढा मोठा माणूस कुणाच्या सांगण्यावरून सरकलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. मी सरकारी नोकर, मला भीतीने घाम फुटायला हवा होता. मी खाटेचा पाय धरून रडत होतो. म्हाळसाबाई पदरात तोंड खुपसून हसत होती.

काय खाल्लं तिनं

मी धर्मशाळेकडे पळत गेलो. गोजरा कोपऱ्यात बसली होती. मी दुरूनच ओरडलो, "यमी बोलली! दोन शब्द!"

ती उठली, पुढे आली, आणि शिवायचं नाही हे आठवून थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पण काय बोलली हे तिने विचारलं नाही. तिने विचारलं, "काय खाल्लं तिनं?"

"म्हाळसाबाईची भाकरी. ठेचा."

"मिठाचा?"

"ठेचा मग कशाचा असतो?"

गोजरा भिंतीला धरून खाली बसली. मग हळूहळू, तुटक तुटक, सगळं बाहेर आलं. औषधासाठी आम्ही बीडला निघण्याच्या आदल्या दिवशीच ती आईबरोबर देवीला नवस बोलली होती. पोरीचं फेफरं थांबेपर्यंत ती आणि यमी दोघी अळणी खातील, मिठाचा कण तोंडात घेणार नाहीत. थांबल्यावर वर्ष भरेपर्यंत नेम चालू ठेवायचा. तीन महिने तिने दोन तवे, दोन पातेली वेगळी ठेवली होती. माझ्या ताटात मीठ होतं, म्हणून मला काही कळलं नाही. औषध खारट लागलं तेव्हा नेम मोडतो की काय या भीतीने तिने देवीची वेगळी माफी मागितली होती.

"मला सांगितलं का नाहीस?" मी ओरडलो.

"सांगून काय झालं आस्तं? फेकीन म्हणलं होतं तुमी."

मी तिच्यापासून चार हात लांब जमिनीवर बसलो. 

पाचव्या दिवशी न्हाऊन ती माझ्याबरोबर डॉक्टरांसमोर उभी राहिली. मी बोलायला लागलो, तिने मला थांबवलं आणि पदराआडून स्वतः सगळं सांगितलं.  डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"बाई, चूक माझी आहे," ते म्हणाले. "पोर काय खाते, हे मी पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. शिकलो होतो मी हे. विसरलो."

त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. हे औषध मिठाचंच भावंड आहे. खाण्यात मीठ असेल तर जुनं औषध लघवीवाटे निघून जातं. मीठ नसेल तर शरीर औषधालाच मीठ समजून धरून ठेवतं. यमीच्या अंगात ते तीन महिने साचत गेलं होतं. तिचे शब्द फेफऱ्याने गेले नव्हते. आम्ही ते थेंबाथेंबाने बुडवले होते, मी चमच्याने आणि गोजराने प्रेमाने.

एक गोष्ट मला कबूल करावी लागते, आणि ती अजून जड जाते. नवस लागू पडला होता. झटके पूर्ण थांबले ते अळणीमुळेच. नुसत्या औषधाने ते तेवढे थांबले नसते, असं डॉक्टरच म्हणाले. गोजराने हे शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मी फेफरं थांबव म्हणलं हुतं. देवीनं थांबवलं. बोलण्याचं मी मागायचं राह्यलं." या युक्तिवादात मला आजवर भोक सापडलेलं नाही.

दोहोंतलं एक

दवाखान्यातल्या आठव्या दिवशी झटका आला. साचलेलं औषध उतरत होतं, त्याचा हा परिणाम. गोजरा माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे.

डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितलं. डोस चढता ठेवला तर झटके जवळजवळ नाहीत, पण पोर जड राहील, बोलणं अर्धं राहील. उतरता ठेवला तर बोलेल, शिकेल, पण अधूनमधून झटका येईल. "मी एक बाजू सुचवू शकतो. पण तिच्यासोबत राहणार तुम्ही."

मला उत्तर माहीत होतं. गोजराला दुसरं उत्तर माहीत होतं. तिने यमीचा भाजलेला हात माझ्यापुढे धरला. "तुमी कचेरीत असता. चूल माझ्यापाशी हाय, आड माझ्यापाशी हाय. बोलणारी पोर आडात पडली तर तुमच्या पुस्तकाचं काय करू मी?"

या वेळी मी भाषण केलं नाही. तिचं म्हणणं खरंच होतं. दोन दिवस आम्ही ठरवू शकलो नाही. तिसऱ्या दिवशी यमी म्हाळसाबाईच्या खाटेवर बसून तिची पट्टी बघत होती आणि म्हणाली, "दुखतंय?" म्हाळसाबाई म्हणाली, "लई." यमीने विचार केला. ओठ हलले, अडकले, पुन्हा हलले.

"कावून?"

गोजरा उठून डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि स्वतःच सांगून आली, "उतरता द्या."

आता

दोन वर्षं झाली. रोज तेवढंच मीठ, रोज तेवढंच औषध, दोन्हींत स्वतःच्या मनाने फेरफार नाही. गोजरा स्वतः मात्र वर्ष भरेपर्यंत अळणी खात राहिली.  मला आता अळणी भाजी चवीवरून ओळखता येते, कारण कधीमधी मी तिच्या ताटात जेवतो.

सगळे शब्द परत आले नाहीत. काही ती नव्याने शिकली, काहींच्या जागी तिने स्वतःचे बनवले आणि ते आता आमच्या घरात चालतात. ती शाळेत मागे आहे, पण जाते. महिन्या-दोन महिन्यांतून एखादा झटका येतो.

ज्यांच्या घरी हे चालू आहे त्यांना एवढंच सांगेन. औषध अचानक बंद करू नका, आणि मूल गप्प झालं तर त्याला वळण समजू नका. डॉक्टरांकडे जाताना स्वयंपाक करणाऱ्या बाईला बरोबर न्या आणि तिला बोलू द्या. त्याआधी, घरात तिला बोलता येईल असं वागा.

आणि एक गोष्ट डॉक्टरांनाही माहीत नव्हती, ती यमीने सांगितली. मागच्या हिवाळ्यात तिने दोन-तीनदा विचारलं, "गूळ कोण जाळतंय?" घरात गूळ जळत नव्हता. आम्ही लक्ष दिलं नाही. मग गोजराच्याच ध्यानात आलं की या प्रश्नानंतर थोड्याच वेळात झटका येतो. यमीला झटक्याच्या आधी जळक्या गुळाचा वास येतो. बहुधा सुरुवातीपासून येत असावा. ती गप्प होती तेव्हा हे सांगायला तिच्याजवळ काही उरलं नव्हतं.

परवा मी घरीच होतो. गोजरा भाकऱ्या करत होती आणि यमी तिच्याशी भांडत होती. विषय असा की शाळेतल्या मुलांना सुट्टीत आडावर जाऊ देतात आणि तिलाच का नाही. भांडण ऐन रंगात होतं. "तू म्हणतीस पडशील, पण मी काय..." इथे ती थांबली. नाक वर केलं.

"आई, गूळ," ती म्हणाली.

आणि स्वतःच उठली. चुलीपासून पाच-सहा पावलं लांब गेली, घोंगडी ओढली, कुशीवर पडली. गोजरा तिच्याजवळ जाऊन बसली. मी तवा उतरवला. झटका आला, गेला. कुठे भाजलं नाही, कुठे लागलं नाही. यमी तासभर झोपली.

उठली, पाणी प्यायली, आईकडे बघितलं. थोडा वेळ शब्द जुळवत राहिली.

"...पण मी काय आडात वाकून बघणार हाय का?" ती म्हणाली. "मी लांबच उभी ऱ्हाणार. मग मलाच कावून न्हाई?"